गाडी खाली कधी होणार?

नागपूरहून रायपूरला निघालं की साधारण निम्म्या वाटेवर देवरी लागतं. गोंदिया जिल्ह्यातला हा आदिवासीबहुल तालुका. जंगल भरपूर, रेल्वे नाही. आगगाडीसाठी आमगाव किंवा गोंदिया गाठावं लागतं. पण रस्ता असा की देशाची अर्धी मालवाहतूक दारावरून जाते की काय असं वाटावं. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांक मिळालेला हा रस्ता गुजरातेतल्या हजिऱ्याला ओडिशातल्या पारादीप बंदराशी जोडतो. देवरीच्या पुढे शिरपूरबांधचा सीमा तपासणी नाका, मग बाघ नदी आणि पलीकडे छत्तीसगड. रात्री इथल्या ढाब्यांसमोर उभ्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या तरी भूगोलाची उजळणी होते: सीजी, ओडी, जीजे, एमएच आणि नागालँड कधी न पाहिलेल्या कितीतरी एनएल.

एप्रिल २०२१ मध्ये या रस्त्यावरच्या एका प्रकारच्या गाडीकडे सगळ्या विदर्भाचं लक्ष लागलं होतं. लांबट, पांढरा, दुहेरी भिंतीचा टँकर. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आवारात हवेतून वेगळा काढलेला प्राणवायू द्रवरूपात भरून तो नागपूरकडे यायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपूरच्या रुग्णालयांचा मोठा आधार हाच होता. आपत्तीतल्या मदतकार्यात धंद्यातल्या मालवाहतुकीचं शहाणपण कुठे उपयोगी पडतं आणि कुठे थिटं पडतं, हे समजून घ्यायला या टँकरइतकं चांगलं उदाहरण आपल्याकडे क्वचित सापडेल.

प्राणवायू उणे १८३ अंशांना द्रव होतो आणि अशा एका लिटर द्रवाचा पुढे सुमारे ८६० लिटर वायू होतो. म्हणून लांबच्या पल्ल्याला तो द्रवरूपातच नेतात. त्यासाठी साधा टँकर चालत नाही. आत थंडावा टिकवणारा क्रायोजेनिक टँकरच लागतो आणि असे टँकर देशात मोजकेच होते. त्या दिवसांत ‘देशात ऑक्सिजन नाही’ असं सर्रास बोललं गेलं. पण पोलाद कारखाने होते पूर्वेला: भिलाई, राउरकेला, अंगूल, जमशेदपूर. आणि रुग्णांची झुंबड होती पश्चिमेला आणि उत्तरेला. एकीकडे टाक्या भरलेल्या, दुसरीकडे नातेवाईक सिलिंडर शोधत रस्त्यावर. अडचणीचा मोठा भाग मधल्या वाटेवर होता.

वाटेचा हिशेब ट्रकवाल्यांइतका पक्का कुणालाच ठाऊक नसतो. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो: गाडी खाली कधी होणार? गाडी किती वेगाने पळाली याला फारसं महत्त्व नाही. ती भरायला किती तास उभी राहिली, उतरवायला किती तास, कागदासाठी नाक्यावर किती वेळ अडकली, यावर महिन्याच्या फेऱ्या ठरतात आणि फेऱ्यांवर हप्ता भरता येईल की नाही ते.

हेच गणित प्राणवायूला लावून पाहू. समजा एका शहराला रोज दीडशे टन हवा आहे आणि एका टँकरमध्ये पंधरा टन मावतो. भरून आणणं, रिकामं करणं आणि परत जाऊन पुन्हा भरायला उभं राहणं ही पूर्ण फेरी एका दिवसात होत असेल, तर दहा टँकर पुरतात. तीच फेरी तीन दिवसांची झाली, तर तीस लागतात. गरज तीच, कारखाना तोच, पण टँकर तिप्पट. भिलाई ते नागपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. अंगूलहून आणायचं तर सातशेच्या पुढे. म्हणून नागपूरला भिलाईतून किती मिळणार आणि अंगूलवरून किती आणावा लागणार, हा टनांचा वाटा दिसत असला तरी खरा प्रश्न टँकर किती दिवस अडकणार हा होता. नकाशावरची वाटणी कागदावर बरोबर बसते आणि फेऱ्यांच्या हिशेबात कोसळते, असं त्या काळात देशभर घडलं.

अंतर कमी करता येत नाही. खोळंबा कमी करता येतो. कारखान्यावर रांगेत जाणारे बारा तास तीनवर आले, तर नवा टँकर न घेता ताफा वाढल्यासारखाच. एका गाडीवर दोन ड्रायव्हर दिले की झोपेसाठी गाडी थांबत नाही. पण असा धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. उद्या दुप्पट ड्रायव्हर हवेत म्हटलं तर आज आणायचे कुठून? उतरवण्याच्या टोकाला आणखी एक गाठ होती. रुग्णालयाची टाकी लहान असेल, तर पंधरा टनांचा टँकर तिथे पूर्ण रिकामा होत नाही. थोडा इथे, थोडा दुसऱ्या रुग्णालयात, उरलेला सिलिंडर भरणाऱ्या प्लांटवर, अशी वणवण करत गाडी शहरातच अख्खा दिवस घालवते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली आणि पुरवठा खंडित होऊन किमान २२ रुग्ण दगावले. शेकडो किलोमीटरची वाट सुखरूप पार पडून शेवटच्या काही मीटरांत घात होऊ शकतो. मदतकार्याच्या आराखड्यांत सगळ्यात कमी लिहिलं जातं ते नेमकं याच टोकाबद्दल.

नागपुरात हा गुंता सोडवायला पुढे आलेल्यांपैकी एकाचं नाव तेव्हा देशभर गाजलं: प्यारे खान. रेल्वे स्टेशनबाहेर संत्री विकणारा मुलगा, मग ऑटोरिक्षा, २००४ मध्ये कर्ज काढून घेतलेला पहिला ट्रक आणि पुढे शेकडो गाड्यांची अश्मी रोड कॅरिअर्स ही कंपनी, असा त्यांचा प्रवास. त्या रमजानच्या महिन्यात त्यांनी सुमारे ४०० टन प्राणवायू नागपूर आणि आसपासच्या रुग्णालयांपर्यंत पोचवला. त्यासाठी ८५ लाखांच्या आसपास पदरचे खर्च केले आणि हीच आपली जकात, म्हणजे धार्मिक दान, असं सांगत प्रशासनाने देऊ केलेले पैसे नाकारले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. बातम्यांचा सगळा भर दानावर होता. मला त्या दानाइतकीच, किंबहुना जास्तच, महत्त्वाची वाटते ती त्यांची ओळखदेख. क्रायोजेनिक टँकर त्यांच्याकडे नव्हतेच. कुठल्या शहरात कुणाकडे असे टँकर रिकामे उभे आहेत, त्याला फोन कोण करू शकेल, तो किती भाडं मागेल आणि कितीवर तयार होईल, हे त्यांना माहीत होतं. बंगळुरूहून टँकर मिळवले ते नेहमीच्या भाड्याच्या कितीतरी पट देऊन. कलेक्टर ऑफिसातल्या कुठल्याही फायलीत ही माहिती नसते. ती धंदा करणाऱ्याच्या डोक्यात आणि मोबाइलमध्ये असते.

इथे एक खोच आहे. एकट्याने जास्त भाडं मोजलं, तर टँकर त्याच्या गावाला येतो. सगळ्यांनीच मोजायचं ठरवलं, तर टँकर तेवढेच राहतात, भाडं मात्र चढत जातं. आणि मग ज्या जिल्ह्यात प्यारे खान नाही, तो जिल्हा मागे पडतो. केंद्र सरकारने त्या वेळी कुठल्या कारखान्यातून कुठल्या राज्याला किती, हे ठरवून दिलं आणि नायट्रोजन-अरगॉनचे टँकरही प्राणवायूसाठी वळवले. बाजारावर सोडून भागण्यासारखं हे काम नव्हतं. धंद्याचं कौशल्य घ्यावं, पण धंद्याची बोली लावण्याची पद्धत सोबत घेऊ नये, एवढा विवेक ठेवावा लागतो.

दुसरं उदाहरण रेल्वेचं. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी सुरू केली. भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट सपाट वाघिणीवर चढवायचा आणि घाटरस्त्यांचा त्रास टाळून पलीकडे उतरवायचा. उद्देश शुद्ध व्यापारी होता: डिझेल वाचावं, टायर वाचावे, रेल्वेला भाडं मिळावं. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्राने विचारणा केली आणि हीच कल्पना प्राणवायूच्या टँकरला लावायचं ठरलं. मग आली उंचीची भानगड. विजेच्या तारा, बोगदे, पूल या सगळ्यांखालून वाघीण आणि तिच्यावरचा टँकर सुरक्षित जायला हवा. निरनिराळ्या टँकरांची मापं घेऊन ३,३२० मिलिमीटर उंचीचा एक नमुना निवडला गेला. तो १,२९० मिलिमीटर उंचीच्या सपाट वाघिणीवर बसवता येत होता. बेरीज केली तर साडेचार मीटरच्या थोडं वर. एवढं करूनही घाटातला जवळचा मार्ग टाळून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी फिरवावी लागली. १९ एप्रिलच्या रात्री सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली. तिथे दहा तासांत शंभर टनांहून जास्त प्राणवायू भरला गेला आणि रायपूर-गोंदिया मार्गाने ती २१ तासांत नागपुरात आली. २३ एप्रिलच्या रात्री तीन टँकर नागपूरला उतरले, बाकीचे चार नाशिकला गेले. वाटेत झटका बसेल असा वेग वाढवायचा नाही, एकदम ब्रेक लावायचा नाही आणि मधूनमधून टाकीतला दाब तपासायचा, असा सगळा मामला होता.

गाडीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या संपूर्ण काळात ऑक्सिजन एक्स्प्रेसने महाराष्ट्रात उतरवलेला प्राणवायू ६१४ टन. आणि ऐन भरात राज्याची रोजची गरज होती दीड हजार टनांच्या पुढे. म्हणजे रेल्वेने आणलेला सगळा मिळून अर्धा दिवसही पुरला नसता. दिल्ली आणि उत्तर प्रदेशासाठी या गाड्या फार मोलाच्या ठरल्या. महाराष्ट्राचा भार मात्र राज्यातल्या कारखान्यांनी आणि देवरीसारख्या गावांवरून धावणाऱ्या टँकरवाल्यांनी वाहिला. हवाई दलानेही मदत केली, ती रिकामे टँकर विमानाने कारखान्यांकडे पोचवून. भरलेला टँकर विमानात नेणं धोक्याचं असतं. पण परतीचा रिकामा प्रवास काही तासांवर आला तर अख्खी फेरीच आखूड होते. हे ज्याला सुचलं, त्याला फेऱ्यांचं गणित नीट कळत होतं.

आदल्या वर्षी, मे २०२० मध्ये, याच रस्त्यावर माल नव्हता, माणसं होती. टाळेबंदीत काम गेलेले छत्तीसगड, झारखंड, ओडिशा, बंगालचे मजूर पुण्या-मुंबईहून, हैदराबाद-नागपूरहून चालत, सायकलवर, ट्रकच्या टपावर बसून पूर्वेकडे निघाले होते. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. त्यानंतरच्या दिवसांत एसटीने राज्याच्या सीमेपर्यंत मोफत बस सोडल्या आणि लाखो लोकांची पायपीट थोडी तरी वाचली. आता पाहा, एसटी ‘सीमेपर्यंत’ जाणार. पुढे छत्तीसगडची बस. म्हणजे शिरपूरबांध ते नदीपलीकडचं बाघनदी गाव हा पट्टा मालवाहतुकीच्या भाषेत माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवण्याचा अड्डा झाला. आणि अशा अड्ड्यावर एका बाजूची आवक दुसऱ्या बाजूच्या जावकीपेक्षा वाढली की ढीग साचतो. गोदामात पोती साचतात. इथे मे महिन्याच्या उन्हात लेकुरवाळ्या बाया साचत होत्या. छत्तीसगड सरकारने बाघनदीला बसगाड्या आणि जेवणाची सोय उभी केली, नदीच्या अलीकडच्या बाजूला लोकांनी आणि संस्थांनी पाणी-जेवण वाटलं. कुरियर कंपनीचा साधा कारकूनसुद्धा मोठी खेप निघण्याआधी पुढच्या हबला कळवतो की किती नग आणि किती वाजता येत आहेत. दोन राज्यांनी रोज संध्याकाळी एवढीच माहिती एकमेकांना द्यायला काही खर्च नव्हता.

मदतकार्यातल्या मालवाहतुकीकडे जगात गांभीर्याने पाहायला सुरुवात झाली ती अलीकडेच. सॅन फ्रान्सिस्कोचे लिन फ्रिट्झ यांनी आपली मालवाहतूक कंपनी २००१ मध्ये यूपीएसला विकली आणि त्याच सुमारास मदतसंस्थांना पुरवठ्याचं शास्त्र शिकवणारी फ्रिट्झ इन्स्टिट्यूट काढली. पुढे इन्सिआड या संस्थेतले प्राध्यापक लुक व्हॅन वासेनहोव्ह यांनी मांडलं की मदतकार्याचा ऐंशी टक्के भाग हा मालाच्या हालचालीचाच असतो. आकड्याबद्दल वाद घालता येईल, मुद्द्याबद्दल नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियात बांदा आचेच्या विमानतळावर जगभरातून मदत उतरत होती. एका मालवाहू विमानाला धावपट्टीवर म्हैस आडवी आली आणि मदतीचं प्रवेशद्वारच दिवसाचा बराच काळ बंद पडलं. पर्यायी धावपट्टी नव्हती. १९८८ च्या आर्मेनियाच्या भूकंपात तर निदान पाच हजार टन औषधं येऊन पडली. त्यातली तातडीने उपयोगी पडतील अशी एक तृतीयांशही नव्हती आणि उरलेल्या ढिगाची निवडानिवड करण्यात पन्नास माणसांचे सहा महिने गेले. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामीनंतर रस्त्याकडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग आठवत असतील. ‘गूंज’ या संस्थेने नंतर त्यातले ट्रकच्या ट्रक उचलून नेले आणि कामी आणले.

दुकानदार असा माल कधीच मागवत नाही. गिऱ्हाईक काय मागतंय ते पाहून तो ऑर्डर देतो. नको असलेल्या मालाचा तोटा त्याच्या गल्ल्यातून जातो. मदतीत मात्र पाठवणारा वेगळा, घेणारा वेगळा आणि घेणाऱ्याने पैसे दिलेले नसल्यामुळे त्याने नापसंती दाखवली तर तो कृतघ्न ठरतो. त्यामुळे चूक करणाऱ्याला चूक कधी कळतच नाही. व्यापारातलं शिकण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल, तर ‘तुम्हाला काय हवंय’ हा प्रश्न गाडी भरण्याआधी विचारण्याची सवय. हाच प्रश्न रस्त्यावरही उभा राहतो. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, कोल्हापूरची वाट काही दिवस बंद राहिली आणि दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा लागल्या. त्या रांगांत दूध, पेट्रोल, औषधंही अडकली होती. वाट खुली झाल्यावर कुठली गाडी आधी सोडायची, हे ठरवणं हेच मग मदतकार्य होतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. धंद्याने गेल्या तीसेक वर्षांत एक गोष्ट फार चांगली आत्मसात केली: साठा ठेवायचा नाही, हवं तेव्हा मागवायचं. पडून असलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. आपत्तीत हीच हुशारी अंगाशी येते. नेहमीच्या दिवसांना नेमके पुरतील एवढेच टँकर असणं हा व्यापारी दृष्टीने आदर्श ताफा आणि एप्रिल २०२१ च्या दृष्टीने टंचाई.

साठ्याचं शहाणपण मात्र आपल्याकडे सरकारी कारभारातच आहे आणि तेही देवरीच्या शेजारी. गडचिरोलीत भामरागडसारख्या भागात पावसाळ्यात नाले भरले की गावं तुटतात. म्हणून तिथल्या रेशन दुकानांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचं धान्य आधीच पोचवून ठेवायची पद्धत आहे. नवसंजीवन योजनेचा तो भाग. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं इटलीत ब्रिंडिसीला मोठं मदत-गोदाम आहे, तिथे तंबू-औषधं अशीच आधीपासून सज्ज ठेवतात. तत्त्व तेच. ब्रिंडिसीवर शोधनिबंध लिहिले जातात, भामरागडच्या कोतवालाला आणि रेशन दुकानदाराला कुणी विचारत नाही, एवढाच फरक.

आणि देवरीचं स्वतःचं म्हणाल, तर धान आहे. आदिवासी विकास महामंडळासाठी आदिवासी सहकारी संस्था इथे हमीभावाने धान घेतात. पोती काट्यावर चढतात, गोदामं भरली की उरलेल्या थप्प्या उघड्यावर ताडपत्रीखाली लागतात, मग भरडाईसाठी गिरण्यांकडे जातात आणि तांदूळ होऊन सरकारी गोदामात परततात. यात गोंधळ किती होतो, अवकाळी पावसाने किती धान भिजतो, याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या खऱ्याच आहेत. पण त्याच गोंधळातून दर हंगामात हजारो पोत्यांची उचल करणारी माणसं तयार झाली आहेत. ताडपत्र्या कुणाकडे पडून असतात, तीसेक हमाल तासाभरात कुठल्या टोळीतून जमतात, चिचगड-ककोडीकडच्या कुठल्या रपट्यावरून भरलेला दहाचाकी जात नाही आणि मेटॅडोरमध्ये माल पालटून न्यावा लागतो, हे त्यांना तोंडपाठ. पुरात तुटलेल्या गावाला धान्य पोचवायचं तर लागणारी माहिती हीच. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले, भंडारा शहरात पाणी शिरलं. पूर्व विदर्भात महापूर येतो, हे त्यानंतर तरी कुणाला समजावून सांगायला नको.

कायद्याने जिल्हाधिकाऱ्याचे हात बांधलेले नाहीत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ६५ व्या कलमाखाली वाहनं आणि साधनं ताब्यात घेता येतात, ६६ व्या कलमाखाली त्यांचा मोबदला द्यावा लागतो आणि ५० व्या कलमाने तातडीची खरेदी टेंडरशिवाय करता येते. पण ‘गाडी अधिग्रहित’ हे शब्द ट्रकवाल्याने निवडणुकीच्या वेळी ऐकलेले असतात. मोबदला कधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून निवडणूक लागली की बऱ्याच गाड्या नेमक्या गॅरेजमध्ये ‘कामाला’ लागतात. शिवाय हुकमाने गाडी येते. ती कुठे भरायची, परत येताना काय आणायचं आणि अडली तर कुणाला फोन करायचा, हे जाणणारा माणूस हुकमात येत नाही.

त्यापेक्षा दर आधी ठरवणं स्वस्त पडेल. पावसाळा हा मालवाहतुकीचा मंदीचा काळ: बांधकामं थांबलेली, रस्ते खराब, बऱ्याच गाड्या दारात उभ्या. आणि पूर येतो तोही त्याच महिन्यांत. मेअखेरीस तालुक्यातल्या चार-पाच ट्रान्सपोर्टवाल्यांना तहसील कार्यालयात बोलवावं. किलोमीटरचं भाडं, उभ्या गाडीचं दिवसाचं हाल्टिंग, डिझेलची उचल आणि बिल किती दिवसांत निघेल हे कागदावर घ्यावं. सोबत एका गिरणीचं मोकळं गोदाम आणि एका हमाल टोळीच्या मुकादमाचा नंबर. पूर आला नाही, तर त्या कागदावर एक रुपयाही खर्च होत नाही. आला, तर पहिल्या रात्री फोन कुणाला लावायचा हे ठरलेलं असतं आणि ट्रकवालाही फोन उचलतो, कारण हाल्टिंगचा दर त्याने स्वतः सही करून मान्य केलेला असतो.